जिभेतली गोळी दातांना लागते, हिरडी उतरते: गोळी बदलण्याआधी दांडी मोजा

तक्रार साधारण अशी असते. जीभ टोचून तीत दोन्ही टोकांना गोळ्या असलेली दांडी घातल्याला वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. जखम केव्हाच भरलेली, दुखणं काही नाही. पण बोलताना गोळी खालच्या दातांना लागते आणि जेवताना मधूनच दाढेखाली सापडते. एकदा दाढेचा बारीक टवका उडाला म्हणून स्टीलची गोळी काढून प्लास्टिकची बसवली. काही दिवस बरे गेले, मग ती चावली जाऊन तडकली. पुन्हा स्टील. मग कुणीतरी टायटॅनियम सुचवलं, तेही करून झालं. आता गार पाणी प्यायलं की खालचे पुढचे दात आतून शिवशिवतात, आणि आरशासमोर जीभ उचलून पाहिलं तर एका दाताची हिरडी शेजारच्या दातापेक्षा खाली उतरलेली दिसते. ओठ टोचलेल्यांचंही हेच, फक्त त्यांची हिरडी बाहेरच्या बाजूने उतरते.

दातांच्या दवाखान्यात काम करताना ही हकिगत इतक्यांदा ऐकली आहे की मी आता गोळीबद्दल आधी विचारतच नाही. दांडी किती मिलिमीटरची आहे, हे विचारते. बहुतेकांना माहीत नसतं. आणि बहुतेक वेळा ती टोचलं त्या दिवशीचीच असते.

पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात. टोचल्यावर जीभ चांगलीच सुजते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, आणि त्या वेळी दांडी आखूड पडली तर गोळ्या मांसात रुतू लागतात. म्हणून सुरुवात साधारण १८ ते २२ मिलिमीटरच्या दांडीने होते. एक-दोन आठवड्यांत सूज बरीचशी उतरते. मग सुजेसाठी ठेवलेली जागा मोकळी राहते आणि त्या मोकळ्या जागेत दागिना दिवसभर वर-खाली, पुढे-मागे होत राहतो. टोचणाऱ्याने दोन-चार आठवड्यांनी परत यायला सांगितलेलं असतं, पण तोवर दुखणं थांबलेलं असतं, कॉलेज-नोकरी सुरू झालेली असते आणि जाणं राहून जातं. काही ठिकाणी तर सांगतही नाहीत, याचा मला खरंच राग येतो. आखूड दांडी बसवणं हा टोचण्याच्याच कामाचा दुसरा भाग आहे. तो झाला नसेल तर काम अर्धंच झालं.

आधी बघा, लागतंय कुठे

दातांचं नुकसान दोन तऱ्हेने होतं. दोन्हींचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा, म्हणून ते एकत्र करू नका.

पहिलं म्हणजे टवके आणि तडे. हे बहुतेक दाढा-उपदाढांना होतात, कारण गोळी चावली जाते. दुसरं म्हणजे हिरडी उतरणं. हे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला होतं, कारण जीभ पुढे आली की दांडी आणि खालची गोळी तिथे घासते. या दातांपुढचं आणि मागचं हाड मुळातच पातळ असतं, त्यामुळे तिथली हिरडी लवकर हार खाते. एकदा उतरलेली हिरडी आपोआप परत वर चढत नाही. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून लक्षातही उशिरा येतं. सगळ्या तक्रारींत मला हीच सर्वात गंभीर वाटते.

२००२ साली 'जर्नल ऑफ पिरिओडोन्टॉलॉजी'मध्ये जीभ टोचलेल्या ५२ जणांचा एक अभ्यास आला होता. साधारण १६ मिलिमीटर किंवा त्याहून लांब दांडी दोन वर्षं आणि त्याहून अधिक काळ वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांची आतली हिरडी उतरलेली होती. चार वर्षांहून अधिक काळ दागिना असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या दाढा-उपदाढांना टवके होते. २०१६ सालच्या एका आढाव्यात बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले गेले. त्यात जीभ टोचलेल्यांमध्ये ४४ टक्क्यांपर्यंत आणि ओठ टोचलेल्यांमध्ये ५० टक्क्यांपर्यंत हिरडी उतरलेली आढळली. दातांना इजा अनुक्रमे ३७ आणि २६ टक्क्यांपर्यंत. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. लांबी आणि काळ या दोन्हींचा हिशेब लागतो, आणि त्यातली लांबी तरी तुमच्या हातात आहे.

घरी तपासायचं असेल तर एक छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घ्या. जीभ वर उचलून खालच्या चार पुढच्या दातांची आतली बाजू पाहा. हिरडीची कड चारही दातांवर साधारण एका रेषेत हवी. एकाच दाताशी ती खाली गेली असेल, तिथे खाच पडली असेल, किंवा दाताचा खालचा भाग वरच्यापेक्षा पिवळसर दिसत असेल, तर ते उघडं पडलेलं मूळ आहे. मग 'डाळ', 'टाळ्या', 'काळोख', 'वेडावाकडा' असे शब्द नेहमीच्या वेगाने मोठ्याने म्हणून पाहा. ट-ड-ळ म्हणताना जीभ मागे वळते आणि तिची खालची बाजू पुढच्या दातांसमोर येते. दांडी लांब असेल तर टकटक ऐकू येते किंवा निदान जाणवते. टक वाजली की दागिना लांब आहे असं समजायला हरकत नाही.

दांडी मोजायची ती अशी

लांबी म्हणजे दोन गोळ्यांच्या मधली उघडी दांडी. गोळ्या त्यात धरायच्या नाहीत. ओठाच्या दागिन्यात ओठाच्या आतल्या बाजूच्या सपाट चकतीपासून पुढच्या गोळीच्या बुडापर्यंत. जखम पूर्ण भरली असेल तरच दागिना काढून पट्टीने किंवा व्हर्नियरने मोजा, आणि चटकन परत घाला. जिभेचं भोक जुनं असलं तरी काही तासांत आकसायला लागतं. भरली नसेल तर काढू नका, टोचणाऱ्याकडूनच मोजून घ्या.

न काढताही अंदाज येतो. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: जीभ बाहेर काढून पाहिलं की ती ताणली जाऊन पातळ होते, आणि दांडी आहे त्याहून लांब वाटते. म्हणून तोंड थोडं उघडून जीभ सैल, आत ठेवलेली असताना पाहा. भरलेल्या जिभेत एक-दोन मिलिमीटर हालचाल राहिली तरी पुरते. वरची गोळी जिभेवरून ठळक उचलली जात असेल, किंवा दांडीचा धातू दिसत असेल, तर लांबी जास्त आहे.

बहुतेक प्रौढ जिभांना १४ ते १६ मिलिमीटर पुरतात, पातळ जिभेला १२ देखील. दांड्या साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. एकदम चार मिलिमीटर कमी करू नका. आधी दोन, मग आठवडाभर पाहा. गोळीखाली मांसात खळगा पडत असेल, गोळीच्या कडेवर मांस चढत असेल, तर आखूड झाली, लगेच बदला. जाडी मात्र कमी करू नका. जिभेसाठी १४ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर नेहमीची. गेजचा आकडा वाढला की दांडी बारीक होते, हे उलटं गणित दुकानात पुष्कळांना फसवतं. दातांना कमी लागेल म्हणून बारीक तार घेतली तर तीच तार मांसाला कापत सरकते.

खालच्या गोळीबद्दल दोन शब्द. वरची ५ मिलिमीटरची असली तर खाली ४ मिलिमीटरची किंवा अर्धगोल चपटी गोळी घ्या. दातांना आणि हिरडीला लागणारी गोळी खालची आहे, आणि ती कुणाला दिसतही नाही. हा साधा बदल करायला कुणी आठवण करून देत नाही. फक्त भोक ताजं असताना लहान गोळी घेऊ नका, ती आत ओढली जाऊ शकते.

ओठ टोचला असेल तर मागची चकती पाहा

खालच्या ओठाच्या मधोमध टोचतात त्यात पुढे गोळी किंवा खडा आणि आत सपाट चकती असते. दांडी सहसा १६ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर जाड. सूज धरून सुरुवात साधारण १० मिलिमीटरने होते, पुढे ८ आणि बऱ्याचदा ६ पर्यंत उतरता येतं. लांब दांडी राहिली तर चकती मोकळी तिरपी होते, आणि तिची कड हिरडीवर ओरखडत राहते. लांबी बरोबर असली की चकती ओठाच्या आतल्या बाजूला चपखल बसते.

पण ओठाच्या बाबतीत लांबीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे चकती कुठे टेकते. तोंड मिटून ओठ सैल सोडा आणि जिभेच्या टोकाने चकती चाचपा. ती दाताच्या मधल्या भागासमोर असेल तर त्रास कमी. हिरडीच्या कडेवर किंवा त्याच्याही खाली असेल तर दिवसभर तिथे दाब राहणार, आणि मग चकती मऊ असो की कडक, हिरडी उतरणारच. मऊ चकती खरबरीत नसते हे खरं, पण दाब तोच राहतो. अशा जागी टोचलेलं असेल तर दागिने बदलत बसण्यात वेळ जातो आणि त्या वेळात हिरडी आणखी उतरते.

ओठातली रिंग मला कधीच सुचवावीशी वाटत नाही. रिंगचा आतला अर्धा भाग दातांवर आणि हिरडीवर फिरतो, खाताना ओढला जातो, आणि तिची लांबी कमी करायची सोय नसते. ओठ नव्यानेच टोचून घेणार असाल तर उभं टोचून घेण्याचा विचार करा. त्यात वळणदार दांडी ओठाच्या मांसातून वरून खाली जाते, दोन्ही टोकं बाहेर राहतात, आत चकतीच नसते. दातांच्या दृष्टीने तो सर्वात कमी त्रासाचा पर्याय आहे.

धातू आणि प्लास्टिक

लोक इथून सुरुवात करतात, म्हणून मी हे मागे ठेवलं. लांबी आणि जागा ठीक असेल तरच धातूचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

माझी पहिली पसंती टायटॅनियमला, पण मोघम टायटॅनियमला नाही. 'एएसटीएम एफ१३६' किंवा 'आयएसओ ५८३२-३' हे मानक असलेलं, म्हणजे शरीरात बसवायच्या रोपणांसाठी ठरलेलं. त्यात निकेल नसतं. ते हलकंही असतं: घन सेंटिमीटरला साधारण साडेचार ग्रॅम, स्टील आठच्या आसपास. ५ मिलिमीटरच्या गोळीचं गणित केलं तर टायटॅनियमची सुमारे ०.३ ग्रॅम आणि स्टीलची अर्ध्या ग्रॅमच्या वर भरते. दिवसभर दातांना लागणाऱ्या वस्तूत हा फरक कमी नाही. तरी एक गैरसमज काढून टाका: टायटॅनियम मऊ नाही. चावलं तर दात त्यानेही फुटतो.

'सर्जिकल स्टील' हे नाव बाजारात सरसकट वापरतात, ते एका ठरावीक मिश्रधातूचं नाव नाही. नेहमीच्या ३१६एल स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं. चांगल्या प्रतीच्या, गुळगुळीत स्टीलमधून ते फार कमी बाहेर येतं, पण निकेलची ॲलर्जी असेल तर धोका पत्करू नका. आर्टिफिशियल दागिन्यांनी कान किंवा मनगट खाजत असेल तर तुम्हाला ती असू शकते. युरोपात १९९४ पासून टोचलेल्या दागिन्यांतल्या निकेलवर कायदा आहे. आज तिथे टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटून चालत नाही. म्हणून युरोपीय मानकाचा उल्लेख असलेला माल मिळाला तर तो घ्या.

आता आपल्याकडचा प्रश्न: सोनाराकडून सोन्याची गोळी करून घेतली तर? कानासाठी आणि नाकासाठी सोनारावर आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा आहे आणि तो रास्त आहे. तोंडाचं काम वेगळं. २२ कॅरेट सोनं मऊ असतं, दातांनी त्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत घाण बसते. डाख दिलेला सांधा लाळेत, आंबट-तिखटात दिवसरात्र भिजत राहतो. त्या डाखात नेमका कोणता धातू आहे हे बहुतेकदा कुणीच सांगू शकत नाही. १४ किंवा १८ कॅरेटचं निकेलविरहित, आटे यंत्रावर कापलेलं सोनं ठीक. चांदी तोंडात काळी पडते, ती नकोच. वन ग्रॅम गोल्ड किंवा मुलामा दिलेलं पितळ अजिबात नको. मुलामा उतरला की खाली काय आहे ते जिभेला कळतं.

खड्याची हौस असेल तर वरच्या गोळीत, आणि कोंदणात पक्का बसवलेला. डिंकाने चिकटवलेला खडा लाळेत सुटतो, पोटात किंवा दाढेखाली जातो.

ज्यांच्या दाढेत चांदी भरलेली आहे त्यांना कधीकधी धातूची चव किंवा बारीक झिणझिण जाणवते. तोंडात दोन वेगळे धातू आणि मध्ये लाळ, यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह होतो. असं होत असेल तर डॉक्टरांना सांगा. दोन्हींपैकी दागिना बदलणं सोपं.

प्लास्टिकचं काय? ॲक्रिलिकची गोळी दाताला कमी लागते हे खरं, त्यामुळे तात्पुरती ती चालेल. पण तिचे आटे लवकर झिजतात, चावली की ती तडकते, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. आणि गिळली गेली किंवा श्वासनलिकेत गेली तर एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरला शोधायला अवघड. म्हणून ॲक्रिलिक वापरणार असाल तर दर काही आठवड्यांनी नवीन, आणि तडा दिसला की त्याच दिवशी फेकून द्या. पीटीएफई नावाचं प्लास्टिक त्यापेक्षा बरं, ते उष्णता सहन करतं. जिभेच्या दागिन्यांवरच्या एका तुलनेत स्टीलवर जंतूंचा थर जास्त आणि पीटीएफईवर कमी आढळला होता. ओठाच्या मागच्या चकतीसाठी, जागा बरोबर असेल तर, तो चांगला पर्याय आहे.

गोळी सारखी सैल होते

दोन कारणं असतात: आटे झिजलेत किंवा आटे बाहेरच्या बाजूला आहेत. बाहेरून आटे कापलेली दांडी घालताना तेच धारदार आटे मांसातून ओढले जातात, आणि त्यांच्या खाचांत अन्न अडकतं. आतून आटे असलेली दांडी घ्या. दांडी गुळगुळीत असते आणि गोळीचा बारीक खिळा आत फिरतो. सकाळी-रात्री ब्रश केल्यावर हात धुऊन गोळी चाचपायची, ओल्या बोटांत घसरते म्हणून स्वच्छ गॉझने धरून घट्ट करायची. उजवीकडे फिरवली की बसते. आटे गेले असतील तर दागिनाच बदला. डिंक किंवा झटपट चिकटणारा कसलाही पदार्थ लावू नका, तो तोंडात जाता कामा नये.

गोळी गिळली गेली तर बहुधा ती पोटातून निघून जाते. पण खोकला थांबत नसेल, श्वासात शिटीसारखा आवाज येत असेल, छातीत दुखत असेल, गिळता येत नसेल तर थांबू नका, थेट रुग्णालयात जा.

खालच्या गोळीवर जमणारं कीटण

दातांच्या आत, जिभेखाली लाळग्रंथींच्या नलिका उघडतात, म्हणून खालच्या पुढच्या दातांमागे कीटण सगळ्यात लवकर बसतं. जिभेची खालची गोळी नेमकी त्याच जागेत असते. तिच्यावर आणि दांडीच्या बुडाशी पिवळट खडा जमतो, आणि मग तीच गोळी हिरडीवर पॉलिशपेपरसारखी घासते. दागिना महागातला टायटॅनियमचा असला तरी कीटण चढल्यावर त्याचा गुळगुळीतपणा संपतो. ब्रश करताना मऊ केसांच्या ब्रशने गोळी आणि दांडीही घासा, दोन्ही बाजूंनी. घट्ट बसलेलं कीटण नखाने किंवा सुईने खरवडू नका, दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेताना दागिनाही साफ करून घ्या.

गुळण्यांसाठी कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ पुरे. मीठ जास्त घातलं म्हणून लवकर बरं होत नाही, जखम कोरडी पडून भाजल्यासारखी होते. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस. जास्त वापरलं तर दात आणि जीभ तपकिरी होतात.

सुपारी, गुटखा, मिश्री हे या दागिन्यासोबत चालत नाही. सुपारी फोडताना गोळी दाढेखाली आली तर दात टिकत नाही, आणि तंबाखूने हिरडी आधीच खराब होत असते. ज्यांना चिक्की, ऊस, भाजलेले चणे खायचे असतील त्यांनी ते सावकाश, एका बाजूला चावून खावेत. उगीच बंद करायला मी सांगणार नाही.

चाळा

इथे मला सर्वात जास्त वेळ द्यावासा वाटतो. आखूड दांडीने हिरडीवरचं घासणं कमी होतं. टवके मात्र तिने थांबतीलच असं नाही, कारण टवके घासण्याने पडत नाहीत, चावण्याने पडतात. दांडी आखूड असली तरी गोळी दातांत धरायची सवय असेल तर ती धरली जातेच. अभ्यास करताना, मोबाइल बघताना, सिग्नलला थांबल्यावर गोळी दातांत पकडणं, पुढच्या दातांमागे दाबणं, दातांवर घासून आवाज काढणं: हे सगळे चाळे. २०१० साली अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाच्या दंत विभागातून एका तरुणीची केस प्रसिद्ध झाली होती. ती वर्षानुवर्षं दांडी वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधे ढकलत राहिली, आणि आधी नसलेली फट तयार झाली. ती बुजवायला तिला तारा लावाव्या लागल्या.

चाळा मोडायचा तर आधी तो केव्हा होतो ते शोधायला हवं. स्वतःला कळत नाही, शेजारी बसणाऱ्याला कळतं. घरातल्या कुणाला, खोलीतल्या मैत्रिणीला सांगून ठेवा की गोळी वाजली की टोक. टोकलं तर चिडू नका. खालची गोळी चपटी केली की दातांत धरायला तितकीशी सोयीची राहत नाही, याचा उपयोग होतो. दागिना तात्पुरता काढता येण्याइतकं भोक जुनं असेल तर कबड्डी, क्रिकेट, जिम अशा वेळी तो काढून ठेवा आणि संपल्यावर लगेच घाला. रात्री दात खाणाऱ्यांनी, म्हणजे झोपेत दातांवर दात घासणाऱ्यांनी, जिभेत धातूची गोळी ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खालच्या दातांच्या मागे तार चिकटवलेली असेल, म्हणजे दात सरळ केल्यानंतर लावतात ती, तर जिभेची गोळी त्या तारेवर आपटून ती सोडवते. तार सुटली की दात परत फिरतात. ही तार असताना जीभ टोचून घेऊ नका. टोचली असेल तर दर तपासणीत तार पाहून घ्या.

कोणता दागिना घेऊन चालणारच नाही

वरच्या ओठाखाली, पुढच्या दोन दातांच्या वर जी पातळ पट्टी असते ती टोचतात, हसलं की रिंग दिसावी म्हणून. तिथे रिंग थेट हिरडीवर बसते. तिथे लांबी बदलून किंवा धातू बदलून काही साधत नाही. जिभेखालच्या पट्टीचंही तसंच. जिभेच्या टोकाजवळ आडवी दांडी घालतात, त्यात दोन्ही गोळ्या सतत पुढच्या दातांपाशी असतात आणि जिभेचे दोन्ही बाजूंचे स्नायू एकत्र बांधले जातात. ती काढूनच टाकावी. ज्यांच्या हृदयाच्या झडपांचा आजार आहे किंवा झडप बदललेली आहे, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात काहीही टोचून घेऊ नये. आणि कान टोचायच्या बंदुकीने ओठ किंवा जीभ कुणी टोचत असेल तर तिथून उठून या.

आखूड दांडी, योग्य गोळी, स्वच्छता हे सगळं करूनही दोन-तीन महिन्यांनंतर खाच खोल होत असेल, दात हलत असेल, तर दागिना काढायची वेळ आली आहे. काढल्यावर उतरलेली हिरडी वर येणार नाही, पण तिथेच थांबण्याची शक्यता चांगली असते. खूप उतरली असेल तर टाळूवरचा थोडा भाग घेऊन तिथे लावायची शस्त्रक्रिया करतात. टोचल्याजागी पू, ताप आणि सूज असेल तेव्हा मात्र स्वतःहून काढू नका. भोक मिटून पू आत कोंडतो. हनुवटीखाली सूज चढत असेल किंवा गिळायला, श्वास घ्यायला जड जात असेल तर तो रुग्णालयाचाच विषय आहे.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना सांगा: कधी टोचलं, दांडी किती मिलिमीटर, कोणता धातू, शेवटचं केव्हा बदललं. ते प्रत्येक दातापाशी हिरडी किती मिलिमीटर उतरली आहे ते मोजून लिहून ठेवतील, आणि पुढच्या वेळी तोच आकडा तपासून वाढलंय की थांबलंय ते सांगता येईल. तुम्हीही घरी त्याच आरशात, त्याच प्रकाशात महिन्यातून एकदा तारखेसह फोटो काढून ठेवा. आणि दातांचा मोठा एक्स-रे काढायचा असेल तर दागिना आधी काढून ठेवा, नाहीतर धातूची सावली नेमक्या हव्या त्या दातांवर पडते आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.